स्तनांची शस्त्रक्रिया : हौस, गरज आणि निर्णय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आजचा विषय कळल्यावर काही घरांत रेडिओचा आवाज थोडा कमी केला जाईल, याची मला कल्पना आहे. आवाज जरूर कमी करा, रेडिओ मात्र बंद करू नका. स्तनांच्या कॅन्सरबद्दल आपण आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. पण स्तन फार जड असणं, फार लहान असणं, दोन बाजूंत ठळक फरक असणं, काखेत फुगवटा येणं, वयात आलेल्या मुलाची छाती वाढणं, यांविषयी अजूनही अळीमिळी गुपचिळी असते. मग माहिती मिळते ती जाहिरातींतून, नाहीतर मैत्रिणींच्या कुजबुजीतून. अशा अर्धवट माहितीवर कुणी नको ती शस्त्रक्रिया करून घेतं, तर कुणी सहज दूर होण्याजोगा त्रास वर्षानुवर्षं सोसत राहतं. दोन्हीही वाईटच.

आधी 'प्लॅस्टिक सर्जरी' या शब्दाबद्दल. आपल्या घरातल्या बादल्या-डब्यांच्या प्लॅस्टिकशी त्याचा काही संबंध नाही. 'आकार देणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं आहे. आणि हे शास्त्र आपल्याला परकंही नाही. कापलेलं नाक पुन्हा घडवण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. इंग्रजी सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं, तेव्हा पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक तयार केलं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी त्यावरून धडे घेतले.

या शास्त्राच्या दोन शाखा मानल्या जातात. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा जन्मजात व्यंग यांमुळे बिघडलेलं पूर्ववत करणं ही पहिली. जे निरोगी आहे, ते अधिक मनाजोगतं करणं ही दुसरी. कागदावर ही विभागणी सरळ दिसते. स्तनांच्या बाबतीत मात्र ती पुसट होते. एकीच्या दृष्टीने जी हौस, ती दुसरीची गरज असू शकते. म्हणून एकेक प्रकार स्वतंत्रपणे पाहू.

जडपणाचं दुखणं

ज्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं, त्यापासून सुरुवात करते. काही स्त्रियांचे स्तन शरीराच्या मानाने फारच मोठे असतात. मान, खांदे आणि पाठ सतत दुखते. अंतर्वस्त्राचे पट्टे खांद्यात रुतून तिथे खाचा पडतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो आणि मलम लावून बरा झालेला संसर्ग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर होतो. मुली वाकून चालू लागतात, खेळायचं सोडतात, ओढणीची घडी कधी मोडत नाही. घरात मात्र 'अंगाने भरली आहे, वजन कमी कर' एवढाच सल्ला मिळतो. वजन कमी केल्याने काही जणींना फायदा होतो, पण स्तनातला ग्रंथींचा भाग वजनाबरोबर उतरत नाही.

अशा वेळी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. जादा ग्रंथी, चरबी आणि कातडी काढून उरलेल्या भागाला आकार दिला जातो, आणि स्तनाग्र त्याचा रक्तपुरवठा राखून वर आणलं जातं. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. व्रण राहतात, हे आधीच समजून घ्यावं. स्तनाग्राभोवती एक, तिथून खाली उतरणारा एक, आणि पुष्कळदा खालच्या घडीत आडवा एक. ते कालांतराने फिके पडतात, नाहीसे होत नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे बाळाला अंगावर पाजताना दूध कमी पडू शकतं. तेव्हा मूल व्हायचं असेल तर ही चर्चा ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. काढलेला भाग तपासणीसाठी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला पाहिजे.

एवढं सगळं असूनही ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रिया बहुधा समाधानी असतात. मानेवरचं ओझं उतरलेलं त्यांना लगेच जाणवतं. सौंदर्याच्या यादीत टाकलेलं हे ऑपरेशन अनेक जणींसाठी वेदनेवरचा इलाज असतं.

बाळंतपणानंतर, वजन भराभर उतरल्यावर किंवा वयानुसार स्तन ओघळतात. त्यासाठी फक्त जादा कातडी काढून स्तन वर घेण्याची शस्त्रक्रिया असते. व्रण साधारण तसेच. मात्र ओघळणं हा आजार नाही, आणि गुरुत्वाकर्षण ऑपरेशननंतरही सुट्टीवर जात नाही. वर घेतलेले स्तन काही वर्षांनी पुन्हा थोडे खाली येणारच.

काखेतला फुगवटा

आता असा एक प्रकार, ज्यामुळे अनेक बायका विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण दुर्लक्ष करतात. आईच्या पोटात गर्भ वाढत असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक रेषा तयार होते. छातीवरचा भाग वगळता ही रेषा जन्माआधीच विरून जाते. कधीकधी तिचा एखादा तुकडा मागे राहतो, तोही बहुधा काखेत. हे जादा स्तनऊतक. काही जणींना तिथे छोटं स्तनाग्रही असतं.

वयात येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग पाळीच्या आधी काख जड वाटते, दुखते. गरोदरपणात फुगवटा वाढतो, आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की काखेत दाटून येतं. ते पाहून बाळंतीण घाबरते. दुसरीकडे, 'चरबीच आहे' असं समजून कुणी महिनोन्महिने व्यायाम करत राहतं. हे स्तनाचंच ऊतक असल्याने व्यायामाने ते जात नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्तनात होणारे आजार या जादा ऊतकातही होऊ शकतात. कॅन्सर तिथे क्वचित होतो, पण होतो. शिवाय काखेतली गाठ ही रसग्रंथीची सूजही असू शकते. म्हणून काखेतल्या कुठल्याही गाठीला आपणच नाव देऊन मोकळं होऊ नये. डॉक्टरांना दाखवावं, सोनोग्राफी करावी, त्यांनी सांगितलं तर सुईने तपासणी करावी. जादा स्तनऊतक आहे असं ठरलं आणि त्रास नसेल, तर काही करायची गरज नाही. त्रास असेल, किंवा बाहीच्या कपड्यांत दिसतं म्हणून नको असेल, तर काखेच्या घडीत छेद घेऊन ते काढता येतं. चरबी जास्त असेल तिथे लायपोसक्शनची, म्हणजे नळीने चरबी ओढून घेण्याची जोड देतात. नुसत्या नळीने मात्र ग्रंथी निघत नाहीत. ऑपरेशननंतर काही दिवस तिथे पाणी साचू शकतं, हात वर करताना ओढ बसते, आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करू नये. पिणं सुटल्यावर फुगवटा किती उरतो ते पाहून ठरवावं.

इम्प्लांटची कहाणी

स्तनांचा आकार वाढवण्याचा प्रयत्न माणसाने फार पूर्वीपासून केला आहे, आणि त्यातले कित्येक प्रयत्न बायकांच्या जिवावर बेतले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅराफिनची इंजेक्शनं दिली गेली. पुढे पातळ सिलिकॉन टोचलं गेलं. गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, काहींचे स्तनच काढावे लागले. इंजेक्शनने भरायचं एक जेल चीनमध्ये बरंच वापरलं गेलं आणि तिथल्या सरकारने २००६ साली त्यावर बंदी घातली. म्हणून 'ऑपरेशन नको, एका इंजेक्शनमध्ये काम होईल' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून यावं.

सिलिकॉन जेल भरलेली पिशवी, म्हणजे इम्प्लांट, प्रथम बसवली गेली ती १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो हे ते सर्जन. टिमी जीन लिंडसे ही ती पहिली स्त्री. ती खरं तर छातीवरचं गोंदण काढून घ्यायला रुग्णालयात गेली होती. डॉक्टरांनी तिला हा नवा प्रयोग सुचवला आणि ती तयार झाली. मागणी एक आणि सुचवणी दुसरीच, हा प्रकार आजही घडतो, म्हणून ही हकीकत मुद्दाम सांगितली.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर कडक निर्बंध आणले. १९९९ साली तिथल्या वैद्यकशास्त्र संस्थेच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला, की या इम्प्लांटमुळे सांध्यांचे वा प्रतिकारशक्तीचे आजार होतात याचा पुरावा मिळत नाही. मात्र स्तनांत होणाऱ्या स्थानिक गुंतागुंती खऱ्या आहेत, हेही त्यांनी नोंदवलं. २००६ मध्ये निर्बंध उठले. २०१० साली फ्रान्समधल्या 'पीआयपी' या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी उद्योगांत वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. तिच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. तोवर ती इम्प्लांट अनेक देशांतल्या हजारो स्त्रियांच्या अंगात होती.

त्यानंतर आणखी एक गोष्ट समोर आली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती, फार क्वचित, लसिका पेशींचा एक कॅन्सर होतो. हा स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नव्हे. इम्प्लांट बसवून काही वर्षं उलटल्यावर एका बाजूला अचानक सूज येणं, हे त्याचं मुख्य लक्षण. लवकर ओळखला तर इम्प्लांट आणि भोवतालचं आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने अशी इम्प्लांट जगभरातून परत मागवली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने सर्वच इम्प्लांटवर ठळक चौकटीतली सूचना सक्तीची केली आणि ऑपरेशनपूर्वी रुग्णाबरोबर धोक्यांची यादी वाचून त्यावर सही घ्यावी, असा नियम केला. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी इम्प्लांटनंतर करणाऱ्या स्त्रियांचीही त्या सूचनेत दखल आहे. या तक्रारींसाठी अशी एक ठराविक तपासणी नाही. पण इम्प्लांट काढल्यावर काही जणींना बरं वाटतं.

हे सगळं घाबरवण्यासाठी सांगत नाही. आजची चांगली इम्प्लांट पूर्वीपेक्षा सरस आहेत, आणि योग्य स्त्रीला ती समाधान देतात. छातीची एक बाजू जन्मतःच न वाढलेली तरुणी किंवा कॅन्सरमुळे स्तन गमावलेली स्त्री यांच्यासाठी तर तो मोठाच आधार आहे. पण इम्प्लांट जन्मभराचं नसतं, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेच्या प्रशासनानेच २०११ साली सांगितलं, की आकार वाढवण्यासाठी बसवलेल्या इम्प्लांटपैकी वीस टक्क्यांपर्यंत ८ ते १० वर्षांत काढावी लागतात. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं. कधी ते आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो. कधी इम्प्लांट फुटतं आणि सिलिकॉन असेल तर बाहेरून कळतही नाही. म्हणून ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि पुढे दर २-३ वर्षांनी तपासणी, असा सल्ला दिला जातो. खर्च मोजताना हा पुढचा खर्चही मोजायचा.

आपलीच चरबी, आपल्यालाच

'बाहेरचं काही नको, माझ्याच पोटावरची चरबी तिथे भरा' अशी मागणी आता वाढली आहे. कल्पना जुनी आहे. जर्मनीत हायडलबर्गला व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जनने १८९५ साली, स्तनातली गाठ काढल्यावर पडलेला खळगा त्याच स्त्रीच्या अंगावरची चरबीची गाठ काढून भरला होता. पण ही पद्धत शंभर वर्षं रेंगाळली. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ साली स्तनात चरबी भरायला विरोध केला. मेलेल्या चरबीत कॅल्शियमचे कण साचतात आणि मॅमोग्राफीत ते कॅन्सरसारखे दिसतील, ही भीती होती. पुढे तंत्र सुधारलं, क्ष-किरणतज्ज्ञांना फरक ओळखता येऊ लागला, आणि २००९ मध्ये त्या संघटनेने आपली भूमिका बदलली.

पोट किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीने हळुवार काढतात, रक्त आणि पाणी वेगळं करतात आणि शुद्ध चरबी स्तनात थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत सोडतात. भाताची लावणी आठवा. रोपं नीट अंतर ठेवून लावली तर रुजतात, जुड्याच्या जुड्या एकाच जागी कोंबल्या तर कुजतात. चरबीचंही तसंच. प्रत्येक थेंबाला आजूबाजूच्या ऊतकातून रक्त मिळालं तर तो जगतो. एका जागी गोळा झाला तर मरतो आणि तिथे कडक गाठ किंवा तेलाची पिशवी बनते.

भरलेली सगळी चरबी टिकत नाही. ढोबळमानाने निम्मी ते दोन-तृतीयांश टिकते, व्यक्तीगणिक हे प्रमाण बदलतं, आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. एका खेपेत वाढ बेताचीच होते, पुष्कळदा दुसरी खेप लागते. सडपातळ स्त्रीकडे द्यायला चरबीच नसते. शिवाय ही जिवंत चरबी आहे. वजन वाढलं तर ती वाढेल, उतरलं तर उतरेल. गाठ काढल्यावर पडलेला खळगा भरायला, दोन बाजूंतला थोडा फरक मिटवायला किंवा माफक भरावासाठी ही पद्धत उत्तम. फार मोठा आकार हवा असेल तर ती त्या कामाची नाही. करण्यापूर्वी स्तनांची सोनोग्राफी, आणि वयानुसार मॅमोग्राफी करून ते अहवाल जपून ठेवावेत. पुढे कधी गाठ लागली तर तुलनेसाठी ते लागतात. जवळच्या नात्यात स्तनांचा कॅन्सर असेल तर तेही सर्जनला आधीच सांगावं.

क्रीम, तेलं, चोळणं, पंप आणि गोळ्या यांनी स्तन कायमचे वाढत नाहीत. खिसा हलका होतो, आणि गोळ्यांत हार्मोन असतील तर इतर त्रास मागे लागतात.

मुलग्यांचं काय?

वयात येताना पुष्कळ मुलांची छाती थोडी वाढते, टोचते. बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप पूर्ववत होते. तोवर मित्रांची चेष्टा, शर्टाखाली घट्ट बनियन, पोहायला न जाणं हे चालू राहतं. आईवडिलांनी एवढं केलं तरी पुरे, की मुलाला हसू नये आणि डॉक्टरांना एकदा दाखवावं. काही औषधं, यकृताचे किंवा वृषणाचे आजार आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी स्टिरॉइड हीदेखील कारणं असतात. कारण शोधल्याशिवाय सुरी उचलू नये. जे उरतं त्यावर ऑपरेशन सोपं आहे. स्तनाग्राच्या कडेने लहानसा अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात, जोडीला लायपोसक्शन करतात. मोठ्या वयाच्या पुरुषाच्या छातीत एका बाजूला कडक गाठ आली, तर मात्र लगेच तपासून घ्यावं. स्तनांचा कॅन्सर पुरुषांनाही होतो.

पैसा आणि परवानगी

आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला थेट धोका असेल तेव्हाचा आवश्यक उपचार, हे अपवाद आहेत. त्यामुळे पाठ मोडणाऱ्या जडपणासाठीही विमा कंपनी 'सौंदर्य' म्हणून नकार देऊ शकते. अशा वेळी तक्रारींच्या जुन्या नोंदी, त्वचारोगतज्ज्ञाचे आणि अस्थितज्ज्ञाचे कागद कामाला येतात. ते पहिल्यापासून सांभाळावेत. चेन्नईच्या स्टॅन्ले रुग्णालयात २०१८ साली अशा शस्त्रक्रिया मोफत करण्याचं जाहीर झालं, तेव्हा सरकारी पैशावरून मोठा वाद झाला होता. श्रीमंतांना जे मिळतं ते गरिबांना का नको, असं एका बाजूचं म्हणणं होतं. आधी जीव वाचवणाऱ्या उपचारांना पैसा द्या, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण पाण्याचे हंडे उचलणाऱ्या किंवा दिवसभर शेतात वाकणाऱ्या बाईचे जड स्तन हा हौसेचा प्रश्न नाही, एवढं तरी त्या वादात कुणी ठासून सांगायला हवं होतं.

सर्जनला काय विचारावं?

प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारा. ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही बिघडलं तर सोय काय? व्रण कुठे आणि किती लांबीचे? इम्प्लांट असेल तर कंपनी कोणती, पृष्ठभाग कसा? त्याचा क्रमांक असलेलं कार्ड घरी आणा आणि दागिन्यांच्या पावतीसारखं जपा. पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा? या प्रश्नांनी जो डॉक्टर चिडेल, तो तुमचा डॉक्टर नव्हे.

तुम्हीही काही गोष्टी लपवू नका. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही ते बंद हवं. मधुमेह आटोक्यात हवा. गरोदर असताना, बाळ अंगावर पीत असताना किंवा वजन वरखाली होत असताना थांबावं. अठरा वर्षांखालच्या मुलींनी तर थांबावंच. अपवाद फक्त वैद्यकीय कारणांचा. आणि स्तनात कुठलीही न तपासलेली गाठ असेल तर आधी ती, मग बाकीचं.

शेवटी एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे : हे कोणाला हवंय? नवऱ्याच्या टोमण्यासाठी, स्थळ जमावं म्हणून किंवा सिनेमातल्या नटीसारखं दिसावं म्हणून केलेलं ऑपरेशन क्वचितच सुख देतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात, आणि 'आदर्श आकार' असा कुठल्या वैद्यकीय ग्रंथात लिहिलेला नाही. पण स्वतःला त्रास होतो आहे, नीट माहिती घेतली आहे, धोके समजले आहेत, आणि तरीही हवंय असं उत्तर आलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग घरच्यांनी 'हे काय नवीन खूळ' म्हणून तिला गप्प करू नये. डॉक्टरांकडे जाताना एकाने तरी तिच्यासोबत जावं. तिथे तिचं तिलाच बोलू द्यावं.